बिवलकरांची पाच गोळ्यांची डबी

साल २०२४. मला बहात्तर पूर्ण झाली होती. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक गृहस्थ पहिल्यांदाच चहाला आले आणि बसायच्या आधी त्यांनी आमची खुर्ची उचलून उलटी केली.

चारही पाय हलवून बघितले. खालच्या स्क्रूवर नखानं टकटक केलं. मग खुर्ची सरळ ठेवून मला म्हणाले, "तुम्ही बसा आधी."

मी बसलो. खुर्ची मोडली नाही. मग मला उठवून ते स्वतः टेकले, तेही अर्धेच.

"राग मानू नका, पवार. खुर्चीचा भरवसा नाही. बघून घेतलेलं बरं."

हे अच्युतराव बिवलकर. आमच्या मागच्या गल्लीत एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, बांधा काडीसारखा, आणि पँट पट्टा लावूनही पडेल या भीतीनं वरून खांद्याचे पट्टेही लावलेले. पन्नास वर्षांपूर्वी इकडे अमेरिकेत आले आणि जन्मभर एकच काम केलं, लिफ्ट तपासायचं. शिकागोतल्या मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टना यांनी सही दिली की माणसं वर जायची. स्वतः मात्र जिन्यानं. आजही डॉक्टरकडे चौथ्या मजल्यावर चालत जातात, धापा टाकत पोचतात, आणि डॉक्टर रक्तदाब बघून घाबरतो.

मी म्हटलं, "अहो, तुम्हीच पास केलेली लिफ्ट ना ती?"

"म्हणून तर," ते म्हणाले.

माझं सांगायचं तर मी कराडचा. पिठाची गिरणी चालवली. शाळा चौथीपर्यंत झाली, पण चौथी पास आहे, नापास नाही, हे लिहून ठेवतो. मंडळी गेल्यावर मुलानं, नितीननं, मला इथं नेपरव्हिलला आणलं. नितीन सकाळच्या गाडीनं शिकागोला जातो, सून दुसरीकडे कामाला जाते, आणि दिवसभर मी आणि फ्रीज असे दोघं घरात. फ्रीज मध्येच घरघरतो, मी दचकतो. गल्लीत माणूस दिसत नाही. गॅरेजचं दार वर होतं, गाडी आत जाते, दार खाली येतं, संपलं. कोण मेलं कोण जगलं, कळायला मार्ग नाही. पहिले काही महिने मी भीतीनं टोपीसुद्धा काढली नाही घरात. कुणाला सांगितलं नाही. मी सांगणारा नाही.

त्यामुळे बिवलकर भेटले तेव्हा मला बरं वाटलं. माझ्यापेक्षा जास्त घाबरणारा माणूस सापडला होता.

रोज सकाळी आठला ते धुराचा अलार्म दाबून बघायचे. गल्ली त्यावर घड्याळं लावायची. छत्र्या दोन, एक बिघडली तर दुसरी. चहा बशीत ओतायचे, फुंकर घालायचे आणि मी पहिला घोट घेईपर्यंत माझ्याकडे बघत राहायचे. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी वादळाचा भोंगा वाजवून बघतात, नुसती चाचणी असते. सगळं गाव कामात असतं. बिवलकर तळघरात.

"चाचणी आहे हो ती," मी एकदा म्हटलं.

"हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. वादळाला माहीत आहे का?"

आणि दंडाला धरून मला खाली घेऊन गेले. तिथंच ती मी पहिल्यांदा बघितली.

तळघरात एक लोखंडी कपाट होतं. भोंगा थांबेपर्यंत काहीतरी दाखवावं म्हणून असेल, त्यांनी ते उघडलं. आत बंदूक. मी बंदूक बघितलेली ती बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या हातात, आणि तिथंही मी पैसे भरायला पलीकडच्या बाजूनं जायचो.

"कार्बाइन," बिवलकर म्हणाले. "महायुद्धातली. लष्करानं नंतर विकून टाकल्या."

जुनी होती, पण लाकूड तेलपाणी केल्यासारखं चमकत होतं. आखूड, हलकी, एखाद्या लहान चणीच्या माणसासाठी मुद्दाम घडवावी तशी. खुर्ची उलटी करणाऱ्या माणसाच्या घरात बंदूक कशाला, असं माझ्या मनात आलं. विचारलं नाही. भोंगा थांबला आणि आम्ही वर आलो. मी माझ्या घरी जाऊन दाराच्या दोन्ही कड्या लावल्या.

पण त्या बंदुकीनं माझा पिच्छा सोडला नाही. कारण बिवलकरांना तिच्यासाठी डबी हवी होती.

डबी म्हणजे मॅगझिन. बंदुकीच्या पोटाखाली बसते, आत गोळ्या असतात, खालून स्प्रिंग त्यांना वर ढकलते. बिवलकर डबीच म्हणायचे, म्हणून मीही डबीच म्हणतो. त्यांच्याकडे लष्करातल्या मूळच्या, पंधरा गोळ्यांच्या डब्या होत्या. त्या कधी अडकायच्या नाहीत. पण आमच्या राज्यात कायदा आला की लांब बंदुकीला दहापेक्षा मोठी डबी नको. त्या कायद्यात काय सूट आहे, काय नाही, हे बघायलाही बिवलकर थांबले नाहीत. कायद्याचा भरवसा नाही म्हणाले आणि सगळ्या डब्या दुकानात नेऊन चेपून घेतल्या. आता दहाची किंवा पाचची हवी. लष्करानं असल्या लहान डब्या कधी केल्याच नाहीत. ज्या मिळतात त्या नंतरच्या कारखान्यांनी केलेल्या, आणि एकजात अडेल. पहिली गोळी जाते, दुसरी जाते, तिसरी तिरकी होऊन तोंडाशी अडकते.

"पाचची असली तरी चालेल, पवार. पण भरवशाची पाहिजे."

मग दर शनिवारी आम्ही डबी शोधायला निघायचो. मला दुसरं काम नव्हतं, आणि एकट्यानं हायवेवर गाडी नेण्याचा त्यांना भरवसा नव्हता. गाडी कशी चालवायचे ते सांगत नाही, ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून जायचे एवढं पुरे.

गावाबाहेर डेल नावाच्या म्हाताऱ्याचं दुकान होतं. पोट मोठं, दाढी पांढरी, आवाज गिरणीच्या पट्ट्यासारखा. मागच्या बाजूला निशाणेबाजीची जागा. तिथं बिवलकर कानाला मोठे ठोकळे लावून, डोळे घट्ट मिटून, चाप ओढायचे. डेल ओरडायचा, "आइज ओपन, अच्युत!" मी भिंतीला टेकून, टोपी दोन्ही हातांनी धरून उभा. तिसरी गोळी अडकली की मला मोकळा श्वास यायचा.

जत्रेच्या मैदानावर बंदुकांचा बाजार भरायचा, तिथंही गेलो. लांबच लांब टेबलं, त्यावर बंदुका अशा मांडलेल्या, जशी आमच्याकडे मंडईत वांगी. वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या चघळणारी माणसं. सगळ्यांच्या डोक्यावर खेळाडूंच्या टोप्या, माझ्या डोक्यावर पांढरी. कुणी बघितलं की मला वाटायचं, आता हा बंदूक उचलतोय. एकानं जवळ येऊन माझ्या टोपीकडे बोट केलं, मी डोळे मिटले. तो म्हणाला, "नाइस हॅट." तरी त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

तरीही मी का जात होतो, तर त्याचं कारण निराळं आहे.

श्रावणात एकदा हर्नडन नावाच्या लांबच्या गावाहून बिवलकरांच्या मुलीचा फोन आला. मीनल. आमचा नंबर तिला नितीननं दिला होता. मराठी बोलते पण अडखळत.

"काका, बाबा ओके आहेत ना? म्हणजे, फोनवर ते सारखं फाइन फाइन म्हणतात. आई गेल्यापासून ते झोपत नाहीत, आय नो. आणि घरात ती गन आहे. मी म्हटलं, गिव्ह इट अवे, तर चिडतात. काका, तुम्ही जरा बघाल का? आय ॲम स्केअर्ड."

मी म्हटलं, "बघतो." फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिलो. खुर्ची तपासली नाही.

मग एकेक गोष्ट डोळ्यापुढं यायला लागली. एकटा माणूस, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. रात्री दिवा जळत असतो, हे मी माझ्या खिडकीतून बघायचो, कारण मीही जागाच. आणि या माणसाला काय पाहिजे? न अडकणारी डबी. त्याच आठवड्यात पाऊस आला आणि बिवलकरांनी त्यांची दुसरी छत्री मला देऊन टाकली.

"आणि तुम्हाला?"

"मला कशाला दोन?"

लोकहो, ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक गोष्टीची जोडी ठेवली तो म्हणतो, मला कशाला दोन. आणि वर, गाडीत बसल्यावर म्हणतात, "दसऱ्याच्या आत मिळायला हवी, पवार. एकदा नीट चालली तरी पुरे."

एकदा.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. डबी सापडू द्यायची नाही.

माझ्यासारख्या माणसानं एकदा ठरवलं की ठरवलं. पुढच्या शनिवारी डेलनं एक डबी पुढं केली, बिवलकर तिच्याकडे बघायला लागले, तोच मी ती हातात घेतली. आत बोट घालून दाबलं, कानाशी नेली, मान हलवली.

"स्प्रिंग मऊ आहे."

"असं?" बिवलकर म्हणाले.

"गिरणी चालवली मी. मऊ स्प्रिंग मला लांबून कळते."

मला स्प्रिंगमधलं काही कळत नव्हतं. गिरणीत माझ्या एक स्प्रिंग होती, ती दाराची, आणि ती मोडली तेव्हा मी दाराला दगड लावला. पण बिवलकरांनी डबी परत केली. मला धीर आला. पुढच्या डबीचा पत्रा पातळ निघाला. त्याच्या पुढच्या डबीचे ओठ वाकडे. डबीच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन कडा आत वळवलेल्या असतात, त्यांना ओठ म्हणतात, हे मला तिथंच कळलं आणि तिथंच मी ते वापरलं.

डेल वैतागला. "हू इज धिस गाय?"

बिवलकर म्हणाले, "माय इंजिनिअर."

मला इंग्रजी कळतं. बोलत नाही, गरज पडत नाही. पण तो शब्द कळला. खोटं बोलत होतो तरी छाती फुगली, काय लपवायचं. चौथी पास माणसाला अमेरिकेत असा मान मिळाला.

एक दिवस डेल म्हणाला, तुझी ती जुनी पाचवाली घेऊन ये की, ती उत्तम होती, मी दहा मिनिटांत साफ करून देतो. बिवलकरांचे कान लाल झाले. ते उठले आणि बाहेर गाडीत जाऊन बसले.

"जुनी कोणती?" मी विचारलं.

"ती चालत नाही आता."

"तो साफ करून देतो म्हणतोय की."

"पवार, मी तुम्हाला तुमच्या गिरणीबद्दल कधी काही विचारतो का?"

मी गाडीचा पट्टा लावला. पण भीती वाढली. साधी डबी साफ करायची म्हटलं तर हा माणूस एवढा का भडकतो?

दसरा जवळ आला. झाडांची पानं लाल व्हायला लागली, दिवस लवकर मावळायला लागला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी डेलचा फोन आला, एक आली आहे, या. ती डबी पाचची, जुनी, कुणा शिकाऱ्याच्या घरातली. मी हातात घ्यायच्या आधीच डेलनं ती माझ्यापासून लांब धरली आणि थेट बंदुकीला लावली.

बिवलकरांनी डोळे मिटले. पहिली. दुसरी. तिसरी. मी अडकायची वाट बघत होतो. चौथी. पाचवी. पुन्हा भरली, पुन्हा पाचही गेल्या. आणखी एकदा. मी म्हटलं, "आवाज बरोबर येत नाही."

कुणी लक्ष दिलं नाही. बिवलकरांनी कानावरचे ठोकळे काढले, डबी तळहातावर ठेवली आणि बघत राहिले. मग मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेलं वाक्य ऐकलं.

"हिचा भरवसा वाटतो."

परत येताना डबी त्यांनी मांडीवरच ठेवली होती. मला घरापाशी सोडलं. मी म्हटलं, "संध्याकाळी येतो चहाला." रोज जायचो मी.

"आज संध्याकाळी येऊ नका, पवार."

आणि गाडी गेली.

पुढचे तास मी कसे काढले ते मलाच माहीत. मीनलला फोन लावला, ते यंत्र बोललं. नितीनला लावला, तोही उचलेना, कचेरीत असणार. पोलिसांना काय सांगू? की माझा मित्र खुर्च्या उलट्या करतो, आणि आज त्याला एका गोष्टीचा भरवसा वाटला म्हणून मी घाबरलोय? त्यांनी मलाच नेलं असतं. सून यायला अवकाश होता. खिडकीत उभा राहिलो तर त्यांच्या घरात दिवा नाही. दिवस मावळत होता आणि दिवा नाही. फ्रीज घरघरला तसा मी जागचा हललो. टोपी घातली आणि निघालो.

बिवलकरांच्या दाराला तीन कुलपं असतात, एक साखळी, आणि आतून एक खुर्ची. मी दाराला हात लावला तर दार उघडंच. नुसतं लोटलेलं.

आत अंधार, आणि मागच्या खोलीतून पिवळा उजेड हलताना दिसत होता. तेवढ्यात आवाज आला. लोखंडावर लोखंड, खट्.

"बिवलकर!" मी ओरडलो. एवढा मोठा आवाज माझा गिरणीच्या बाहेर कधी निघाला नव्हता. "अहो बिवलकर! नका! नका हो!"

धावत आत गेलो. आतून काहीतरी मोठ्यानं पडलं. बघतो तर बिवलकर जमिनीवर मांडी घालून बसलेले, अंगावर धोतर, पुढं पाट, पाटावर लाल कापड, त्यावर ती कार्बाइन, तिच्या गळ्यात झेंडूची माळ, शेजारी काढून ठेवलेली नवी डबी. समई पेटलेली. माझ्या ओरडण्यानं त्यांच्या हातातलं ताम्हन पडलं होतं, आणि हळद, कुंकू, अक्षता सगळीकडे, पाटावर, बंदुकीवर, त्यांच्या मांडीवर.

"काय झालं?" ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. "आग लागली? वादळ?"

मी भिंतीला धरून खाली बसलो.

"तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं ना."

"दार," मी म्हटलं. "दार उघडं का?"

"पूजेच्या वेळी आमची ही दार उघडं ठेवायची. म्हणून ठेवलं." त्यांनी मान खाली घातली. "खंडेनवमी आहे, पवार. शस्त्रांची पूजा. मला येत नाही नीट. मंत्र विसरतो, आणि मग रडू येतं. तुमच्यासमोर कशाला, म्हणून म्हटलं येऊ नका."

मग मला सगळं कळत गेलं. त्यांनी हळूहळू सांगितलं, कुंकू वेचत वेचत.

बंदूक बायकोची. सुमतीवहिनी. कोल्हापूरच्या, उंचीनं बिवलकरांच्या खांद्याला लागतील न लागतील एवढ्या. कॉलेजात एनसीसीत निशाणेबाजी केलेल्या. हे दोघं इकडे नवीन असताना शिकागोत भाड्याच्या घरात चोर शिरला. बिवलकर न्हाणीघरातल्या टबमध्ये जाऊन लपले, आणि वहिनींनी लाटणं घेऊन चोराला जिन्यावरून खाली घालवला. दुसऱ्या महिन्यात त्यांनी ही कार्बाइन आणली. हलकी, त्यांच्या खांद्याला बसेल अशी. पंधराच्या डब्या कपाटात पडून असायच्या, वापरायची ती पाचची. पंधरानं हात दुखतो म्हणायच्या.

"रात्री बाहेर काही वाजलं की ती म्हणायची, तुम्ही झोपा, मी आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी रात्री कडी बघायला उठलो नाही, पवार. तेव्हा खुर्चीही उलटी करत नव्हतो."

दरवर्षी खंडेनवमीला त्या बंदुकीची पूजा करायच्या, आणि दसऱ्याला डेलकडे जाऊन पाच गोळ्या झाडायच्या. पुजलेलं शस्त्र चालवलं नाही तर त्याला गंज धरतो, असं त्यांचं म्हणणं. पूजेत हात सढळ, त्यामुळे डबीत हळद, कुंकू, तांदूळ सगळं जायचं, आणि डेल दरवर्षी हसत हसत साफ करून द्यायचा. शेवटच्या वर्षी पूजा झाली आणि दसऱ्याच्या पहाटेच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून त्या आल्या नाहीत.

बिवलकरांनी देव्हाऱ्यातून चांदीची वाटी काढली. वाटीत जुनी डबी. कुंकू वाळून काळं पडलेलं, तोंडाशी तांदूळ चिकटलेले, आणि पत्र्यावर हळदीचं एक बोट उमटलेलं. बारीक बोट.

"ही मी साफ कशी करू?"

मी पाटाखालचे तांदूळ वेचायला लागलो.

"पण बंदूक चालती राहायला हवी. नाहीतर मीनल म्हणणार, बाबा, चालत तर नाही, देऊन टाका. म्हणून दुसरी डबी."

"आणि छत्री?" माझ्या तोंडून निघालं.

"कोणती छत्री?"

"मला दिली ती. कशाला दोन, म्हणालात."

"अहो, तुम्ही रोज भिजत येत होता!"

तेव्हा मी त्यांना सांगितलं, मला काय वाटलं होतं ते. सगळं नाही सांगता आलं. अर्ध्यावर थांबलो. बिवलकरांनी समईची वात पुढं सारली.

"गोळ्या घरात नाहीत, पवार. ती गेली त्याच आठवड्यात सगळ्या डेलकडे नेऊन दिल्या. त्याला सांगितलं, मला घरी नेऊ देऊ नको. तिथंच झाडतो, तिथंच ठेवतो." पाटावरचा एक तांदूळ त्यांनी बोटानं सारखा केला. "सगळ्या जगाचा भरवसा नाही म्हणतो मी. मग माझा एकट्याचा कसा धरायचा?"

म्हणजे दोन वर्षं हा माणूस रिकाम्या बंदुकीच्या राखणीत, दिवा लावून जागा राहत होता. मला माझ्या खिडकीची आठवण झाली, आणि त्यांच्या खिडकीची.

थोडं हलकं बोलावं म्हणून मी म्हटलं, "मला ते स्प्रिंगमधलं काही कळत नाही बरं का. मी आपलं असंच सांगत होतो."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"पवार, जन्मभर लिफ्टच्या स्प्रिंगा तपासल्या मी. चांगल्या होत्या त्या. तीन तरी नक्की चांगल्या होत्या."

"मग परत का केल्या?"

बिवलकरांनी झेंडूची माळ नीट केली. नीटच होती ती.

"डबी मिळाली असती तर शनिवारी तुम्ही कशाला आला असता?"

त्या रात्री मी घरी गेलो नाही. नितीनला फोन करून सांगितलं, इथंच आहे. कोचावर आडवा झालो, आणि दाराच्या कड्या मीच लावल्या. आतल्या खोलीत बिवलकरांनी दिवा बंद केल्याचा आवाज आला आणि जरा वेळानं घोरण्याचा. त्यांचं घोरणं फार वाईट आहे. मी ते ऐकत झोपलो.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, आम्ही डेलकडे गेलो. जाताना आमच्या मागच्या अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पानं खुडली. आपटा इकडे नाही, पण याची पानं जवळपास तशीच दिसतात. एक पान मी डेलच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, "सोनं." तो पान उलटसुलट करून बघत बसला, बिवलकरांसारखा.

बिवलकरांनी नवी डबी लावली, डोळे मिटले. पहिली गेली. दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी अडकली.

डेलनं डबी काढली आणि टेबलावर उलटी करून आपटली. तांदूळ पडले, हळदीनं पिवळे झालेले. माझ्या ओरडण्यानं जे ताम्हन सांडलं होतं त्यातले. डेल हसायला लागला, पोट धरून, आणि हसता हसता डोळे पुसून म्हणाला, "जस्ट लाइक हर." मग म्हणाला, टू मिनिट्स, साफ करतो, एकदम फर्स्ट क्लास आहे ही.

बिवलकर माझ्याकडे बघत होते.

मी डबी डेलच्या हातातून घेतली. आत बोट घातलं, दाबलं, कानाशी नेली. घट्ट स्प्रिंग होती, माझं बोट दुखलं. मी मान हलवली.

"मऊ आहे," मी म्हटलं. "पुढच्या शनिवारी दुसरी बघू."

"हो," बिवलकर म्हणाले. "बघून घेतलेलं बरं."